पोटातले बाळ, रक्ताची गुठळी आणि रोजची सुई

पावसाळा नुकताच सुरू झाला होता. एका रविवारी संध्याकाळी पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीतल्या एक बाई सुनेला घेऊन घरी आल्या. हातात जाडजूड फाईल आणि औषधाच्या दुकानाची पिशवी. सुनेला नववा आठवडा चालू होता. वर्षापूर्वी पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा आठव्या आठवड्यात गर्भ पडला. या वेळी दिवस राहताच तिला 'गुठळीच्या तपासण्या' करायला सांगितल्या गेल्या. रिपोर्टमध्ये दोन ओळी ठळक छापल्या होत्या. एक, 'प्रोटीन एस कमी'. दुसरी, 'एमटीएचएफआर पॉझिटिव्ह'. बाई म्हणाल्या, "मॅडम, बाळंत होईपर्यंत रोज पोटात एक सुई घ्यायची. नाही घेतली तर बाळ वाढणार नाही म्हणतात. पोरगा वाळूजला कंपनीत आहे. माझी सोन्याची पोत मोडायला काढलीय. मोडू का नको, तेवढं सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडीत शेजारच्या जिल्ह्यातली एक ऊसतोड कामगार आली. वय अठ्ठावीस. दोनदा तिसऱ्या महिन्याच्या आत गर्भ पडला. तिसऱ्या वेळी सातव्या महिन्यात बीपी वाढले, बाळ पोटातच गेले. बाळ फारच लहान भरले होते, एवढे तिला आठवत होते. मी विचारले, रक्ताची काही खास तपासणी झाली होती का? ती म्हणाली, "बाटल्या भरून रक्त दिलं की मॅडम, पण कशासाठी ते कुणी सांगितलं नाही." तिच्या पिशवीतल्या कागदांत हिमोग्लोबिन होते, शुगर होती, एचआयव्ही होता. जी तपासणी हवी होती, ती तिन्ही वेळा झालेली नव्हती.

दोघींची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. एकीला नको असलेली तपासणी आणि नको असलेले औषध मिळाले, दुसरीला हवी असलेली तपासणीच मिळाली नाही. आपल्याकडे सध्या या दोन्ही चुका शेजारी शेजारी घडत आहेत. एका चुकीत घर कर्जात जाते, दुसरीत बाळ जाते.

गरोदरपणात रक्त का गोठते

मी शासकीय रुग्णालयात मेडिसिन विभागात काम करते. बाळंतपण हा माझा विषय नव्हे. पण गर्भवतीच्या रक्तात, हृदयात किंवा किडनीत काही निघाले की प्रसूती विभागातून बोलावणे येते. त्यामुळे 'रक्त घट्ट झालंय' हे वाक्य घेऊन घाबरलेली कुटुंबे मला नेहमी भेटतात. त्यांना मी आधी हेच सांगते की, गरोदर बाईचे रक्त एरवीपेक्षा लवकर गोठणे हा आजार नाही. ती शरीराची तयारी आहे.

नवव्या महिन्यात गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जात असते. बाळ झाल्यावर वार सुटते आणि तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. गर्भाशय आवळून आणि रक्त गोठून तो प्रवाह काही मिनिटांत थांबला नाही, तर आई दगावते. म्हणून शरीर सुरुवातीच्या महिन्यांपासूनच रक्त गोठवणारे घटक वाढवते आणि गोठण्याला लगाम घालणारे काही घटक कमी करते. प्रोटीन एस हा असाच एक लगाम. तो गरोदरपणात कमी होतोच. त्यामुळे नवव्या आठवड्यात प्रोटीन एस कमी आले, तर बाई गरोदर आहे एवढेच त्यावरून कळते. ही तपासणी करायचीच असेल, तर बाळंतपणानंतर किमान सहा आठवडे उलटल्यावर करावी.

या तयारीची किंमतही असते. गरोदरपणात पायाच्या खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका एरवीच्या चार-पाच पट असतो आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत तो सर्वाधिक असतो. गुठळी बहुधा डाव्या पायात होते. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, अचानक धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर ते 'बाळंतपणाचं दुखणं' समजून घरी शेक देत बसू नये. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे.

कल्पना चांगली होती, पण...

गुठळी आणि गर्भपात यांची सांगड कशी बसली, हे पाहण्यासारखे आहे. १९८३ मध्ये लंडनमधील डॉ. ग्रॅहॅम ह्यूज यांनी एका आजाराचे वर्णन केले. या आजारात शरीर स्वतःच्याच पेशींवरच्या चरबीयुक्त आवरणाशी जोडलेल्या प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी तयार करते. त्यामुळे गुठळ्या होतात, गर्भ वारंवार पडतो, बाळाची वाढ खुंटते, बीपी लवकर वाढते. त्याला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात. हा आजार जन्मजात नसतो, पुढे केव्हातरी होतो.

१९९४ मध्ये नेदरलँड्समधील लायडन शहरातल्या संशोधकांना रक्त लवकर गोठवणारा एक आनुवंशिक दोष सापडला. त्याचे नाव पडले फॅक्टर फाइव्ह लायडन. मग असे आणखी दोष पुढे आले. वारेच्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या होत असतील, त्यामुळे बाळाला रक्त कमी पडत असेल, म्हणून रक्त पातळ करावे, हा तर्क सरळ होता. हेपारिनची सुई वारेतून बाळाकडे जात नाही, म्हणून ती सुरक्षितही वाटली. बघता बघता ती जगभर दिली जाऊ लागली. पुरावा नंतर आला.

अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमच्या बाबतीत पुरावा बाजूने आला. १९९७ मध्ये लंडनमध्ये अशा ९० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत नुसती ॲस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के स्त्रियांना जिवंत बाळ झाले, तर ॲस्पिरिनबरोबर हेपारिन घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के स्त्रियांना. पुढच्या प्रत्येक अभ्यासात फरक इतका मोठा दिसला नाही, तरी या आजारात आजही हीच जोडी दिली जाते.

आनुवंशिक दोषांच्या बाबतीत मात्र तर्क टिकला नाही. कॅनडाच्या पुढाकाराने पाच देशांत झालेली एक चाचणी २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. असे दोष असलेल्या सुमारे २९० गर्भवतींपैकी निम्म्यांना रोज सुई दिली, निम्म्यांना दिली नाही. गर्भपात, वाढ खुंटलेले बाळ, तीव्र बीपी किंवा मोठी गुठळी यांपैकी काहीतरी घडण्याचे प्रमाण सुई घेणाऱ्यांत १७.१ टक्के होते आणि न घेणाऱ्यांत १८.९ टक्के. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतलाच. २०२३ मध्ये त्याच नियतकालिकात 'अलाइफ-टू' ही चाचणी आली. आनुवंशिक दोष असलेल्या आणि दोन किंवा अधिक वेळा गर्भ पडलेल्या ३२६ स्त्रिया तिच्यात होत्या. सुई घेतलेल्यांपैकी सुमारे ७२ टक्क्यांना जिवंत बाळ झाले, न घेतलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्क्यांना.

या शेवटच्या आकड्यावर क्षणभर थांबा. दोन-दोन गर्भ गेलेल्या, रिपोर्टमध्ये दोष असलेल्या शंभर स्त्रियांपैकी ७१ जणींना सुई न घेता बाळ झाले. 'सुई घेतली आणि बाळ झालं' असे सांगणारी एक तरी जाऊबाई प्रत्येक घरात असते, त्याचे कारण या आकड्यात आहे. ती खोटे बोलत नाही. सुई न घेताही तिला बहुधा बाळ झालेच असते, हे तिला कळायला मार्ग नसतो. तिच्या डॉक्टरांनाही तो नसतो. एका रुग्णावरून जे कळत नाही, ते कळण्यासाठीच अशा चाचण्या कराव्या लागतात.

आपल्या मातीतला पुरावा

ही झाली परदेशची गोष्ट. आपल्याकडे काय दिसते? मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. गुठळ्या होणाऱ्या आणि गर्भ वारंवार पडणाऱ्या रुग्णांच्या रक्ताचा अभ्यास तिथे वर्षानुवर्षे झाला आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरात सुमारे पाच जणांत सापडणारा फॅक्टर फाइव्ह लायडन भारतीयांत फार कमी आढळतो. प्रोथ्रोम्बिनचा दोष तर जवळजवळ नाहीच. तरीही तपासण्यांच्या महागड्या संचात हे दोन्ही आपल्याकडे बिनदिक्कत विकले जातात.

राहिला एमटीएचएफआर. हा जनुकातला इतका सर्रास आढळणारा फरक आहे की, गल्लीतल्या सगळ्यांचे रक्त तपासले तर कितीतरी जण 'पॉझिटिव्ह' निघतील. गुठळी किंवा गर्भपाताचे कारण शोधायला ही तपासणी करू नये, असे अमेरिकेतील वैद्यकीय जनुकशास्त्राच्या संघटनेने २०१३ मध्येच सांगितले आहे. या जनुकाचा संबंध होमोसिस्टीन नावाच्या रसायनाशी आहे आणि ते वाढले की रक्तवाहिन्यांना त्रास होतो, असे मानतात. पण आपल्याकडे होमोसिस्टीन वाढण्याचे मोठे कारण ताटातच आहे, ते म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता.

इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम सांगायलाच हवे. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि मुलांचा त्यांनी पाठपुरावा केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. या मातांपैकी बहुसंख्य जणींत बी-१२ कमी होते. होमोसिस्टीन जास्त असलेल्या मातांची बाळे अधिक लहान होती. ज्या माता हिरव्या पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा खात होत्या, त्यांची बाळे मोठी भरली. पाणी आणणे, शेतातली कामे असे कष्ट ज्यांच्या वाट्याला जास्त, त्यांची लहान. मराठवाड्यात दर उन्हाळ्यात हंडा घेऊन चालणाऱ्या गर्भवती आपण पाहतो. त्यांच्या बाळांची वाढ अभ्यासताना रक्ताच्या जनुकांआधी डोक्यावरचा हंडा मोजायला हवा.

दुसरा पुरावा मुंबईचा. २००४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मुंबईतल्या १,२१७ गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मिश्री लावणाऱ्या किंवा अन्य प्रकारे तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि मुदतीआधी जन्मण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. आपल्या भागात मिश्रीला कुणी व्यसन मानत नाही. 'दात घासायची' म्हणून ती डॉक्टरांना सांगितली जात नाही आणि डॉक्टरही विचारत नाहीत. जनुकाच्या तपासणीचे हजारो रुपये भरलेल्या फाईलमध्ये 'मिश्री लावता का?' या फुकटच्या प्रश्नाचे उत्तर मला क्वचितच सापडते.

बाळ लहान आहे की वाढ खुंटली आहे

'सोनोग्राफीत बाळ लहान आहे' हे वाक्य घरावर विजेसारखे कोसळते. पण प्रत्येक लहान बाळ आजारी नसते. आई-वडील लहान चणीचे असतील तर बाळही तसेच असू शकते. ते हळूहळू पण सातत्याने वाढत असते. वाढ खुंटलेले बाळ वेगळे. ते आधी बरे वाढते आणि मग मागे पडते, कारण वारेतून त्याला पुरेसे रक्त मिळत नाही. बहुतेक वेळा याचे मूळ गुठळीत नसते. वार रुजताना गर्भाशयाच्या वाहिन्या जशा रुंद व्हायला हव्यात, तशा त्या होत नाहीत. हे सारे पहिल्या पाच महिन्यांतच ठरून जाते. अरुंद राहिलेला नळ नंतर पाणी पातळ करून रुंद होत नाही. आधीच्या वेळी बाळाची वाढ खुंटलेल्या किंवा बीपी लवकर वाढलेल्या स्त्रियांना पुढच्या खेपेला हेपारिन दिल्याने फायदा झाला नाही, हे न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समधल्या २०१७ च्या चाचणीतही दिसले.

मग हातात काय आहे? बरेच आहे, आणि ते स्वस्त आहे.

पहिले म्हणजे तारीख. पहिल्या तीन महिन्यांत एक सोनोग्राफी झाली असेल, तर बाळाचे वय नक्की कळते. वयच माहीत नसेल, तर सातव्या महिन्यात बाळ लहान आहे की पाळीची तारीखच चुकली आहे, हे सांगता येत नाही. उशिरा नाव नोंदवणाऱ्या बाईचे सर्वात मोठे नुकसान हेच.

दुसरे म्हणजे टेप. सहाव्या महिन्यानंतर पोटाची उंची सेंटीमीटरमध्ये साधारण आठवड्यांइतकी भरते. प्रत्येक भेटीत नर्सताईंनी ती मोजून कार्डावर लिहिली, तर मागे पडणारे बाळ वेळेत लक्षात येते. दहा-वीस रुपयांची ही टेप मला अनेक टेबलांवर दिसते, पण कार्डावरचा रकाना रिकामा असतो.

तिसरे म्हणजे ॲस्पिरिन. पूर्वी बीपी वाढलेल्या, किडनीचा आजार, मधुमेह किंवा अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम असलेल्या, म्हणजे जोखमीच्या स्त्रियांना कमी मात्रेतली ॲस्पिरिन सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केली तर फायदा होतो. २०१७ मध्ये युरोप आणि इस्रायलमधल्या रुग्णालयांत १,७७६ जोखमीच्या स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, बीपी वाढून ३७ आठवड्यांआधीच बाळंत व्हावे लागण्याचे प्रमाण गोळीमुळे ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. ही गोळी काही पैशांची ते रुपया-दोन रुपयांची. ती मनाने घ्यायची नाही, पण आपण जोखमीत बसतो का, हे तिसऱ्या महिन्यातच विचारायचे.

चौथे म्हणजे डॉपलर आणि योग्य वेळी बाळंतपण. वाढ खुंटलेल्या बाळाला पोटात बरे करणारे औषध आजही नाही. नाळेतला रक्तप्रवाह डॉपलरने पाहत राहायचे, बाळाची हालचाल कमी झाली तर लगेच दाखवायचे, लवकर बाळंत करावे लागणार असेल तर फुप्फुसे पक्व होण्यासाठी आईला स्टिरॉइडची इंजेक्शने द्यायची आणि नवजात शिशू कक्ष असलेल्या ठिकाणी बाळंतपण करायचे, हाच उपाय आहे.

सुई कुणाला हवीच

हे वाचून कुणी चालू असलेली सुई मनाने बंद करू नये. काही स्त्रियांसाठी ती जीव वाचवणारी आहे. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली, हृदयात धातूची झडप असलेली, अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम सिद्ध झालेली, किंवा सिझेरियननंतर धोका वाढवणारी बरीच कारणे एकत्र आलेली बाई, हिला ती हवीच.

अँटिफॉस्फोलिपिडची तपासणीही सरसकट नसते. दहा आठवड्यांच्या आत तीन किंवा अधिक वेळा गर्भ पडला, किंवा दहा आठवड्यांनंतर व्यंग नसलेले बाळ पोटात गेले, किंवा तीव्र बीपीमुळे अथवा वार निकामी झाल्याने चौतिसाव्या आठवड्याआधी बाळंत व्हावे लागले, तर ती करावी. आता काही तज्ज्ञ दोन गर्भपातांनंतरही ती करायला सांगतात. ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-टू ग्लायकोप्रोटीन या तीन तपासण्या असतात. एकदा पॉझिटिव्ह आल्याने निदान होत नाही. साध्या तापातही या अँटिबॉडी थोडा काळ दिसतात. किमान बारा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते. हेपारिनची सुई आधीच सुरू केली, तर पहिल्या तपासणीचा निकाल चुकू शकतो. म्हणजे घाईने दिलेली सुई निदानाचाही रस्ता अडवते.

एकदाच आणि लवकर गर्भ पडला असेल, तर यातले काहीच लागत नाही. शंभरात दहा ते पंधरा गर्भ असे पडतात. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचाच दोष असतो. आईने काही खाल्ले, उचलले, की तिच्या रक्तात खोट होती, असा त्याचा अर्थ नसतो.

सुईचे तोटेही सांगायला हवेत. रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित प्लेटलेट घटतात. सुई घेतल्यावर किमान बारा तास, मात्रा मोठी असेल तर चोवीस तास, पाठीत भूल देता येत नाही. म्हणजे ऐनवेळी सिझेरियन करावे लागले तर पूर्ण भूल द्यावी लागू शकते. आणि खर्च. एक सुई तीनशे रुपयांची धरली तरी आठ महिन्यांच्या २४० सुयांचे ७२ हजार रुपये होतात. एवढ्या पैशांत घरात किती दूध, डाळ, अंडी, भाज्या आल्या असत्या, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

दोन रांगा

हे का घडते? डॉक्टर सगळेच लोभी आहेत, असे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. एकदा गर्भ गेलेल्या बाईसमोर 'काही करू नका, वाट पाहा' म्हणणे फार अवघड असते. 'काहीच केले नाही' हा आरोप डॉक्टरला भोवतो, 'जास्त केले' हा कधीच भोवत नाही. तपासणीचा संच एका खुणेत मागवता येतो आणि वीस ओळींच्या रिपोर्टमध्ये एखादी तरी ओळ ठळक निघतेच. ती निघाली की तिच्याकडे दुर्लक्ष करायला धैर्य लागते. तपासणी विकणाऱ्यांना आणि सुई विकणाऱ्यांना या भीतीचा फायदा आहे.

शासकीय रांगेत उलटी अडचण आहे. २०११ पासूनच्या जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात गर्भवतीला औषधे आणि तपासण्या मोफत मिळणे हा तिचा हक्क आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञांची तपासणी होते. या योजनांनी फरक पडला आहे, हे मी रोज पाहते. पण आमची मोफत यादी हिमोग्लोबिन, शुगर, लघवी आणि संसर्ग यांच्यासाठी बनली आहे. जिचे बाळ सातव्या महिन्यात पोटात गेले, तिच्या पुढच्या गर्भधारणेची तयारी आत्ताच करायची, यासाठी कार्डावर रकानाच नाही. बाळ गेले की कार्ड बंद होते आणि आई आमच्या नोंदीतून नाहीशी होते.

यासाठी मोठी यंत्रणा उभारायची गरज नाही. बाळ पोटात गेलेल्या किंवा वाढ खुंटून लवकर जन्मलेल्या प्रत्येक आईला सहा ते बारा आठवड्यांनी एकदा बोलवावे. तिच्या तीन अँटिबॉडी तपासण्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पातळीवर मोफत व्हाव्यात आणि दुसऱ्या तपासणीची तारीख आशाताईच्या वहीत लिहिली जावी. ज्या मोजक्या जणींचे निदान पक्के होईल, त्यांना नऊ महिन्यांच्या सुया शासकीय पुरवठ्यातून मिळाव्यात. सरसकट वाटायच्या नसल्याने हा खर्च मोठा नाही. आणि सगळ्याच गर्भवतींसाठी, लोह आणि फॉलिक ॲसिडच्या शासकीय गोळीत नसलेल्या बी-१२ चा विचार व्हावा. पुण्याच्या गावांनी ही गरज दाखवून दिली, त्याला आता बरीच वर्षे झाली.

घरच्यांनी विचारायचे चार प्रश्न

कुणी गुठळीची तपासणी किंवा रोजची सुई सांगितली, तर अदबीने पण स्पष्ट विचारा. ही तपासणी नेमकी कोणत्या आजारासाठी आहे? गरोदरपणात तिचा निकाल विश्वासार्ह असतो का? पॉझिटिव्ह आली, तर बारा आठवड्यांनी पुन्हा करणार का? आणि सुई घेतल्याने आमच्यासारख्या रुग्णांत बाळ वाचण्याचे प्रमाण वाढते, हे सिद्ध झाले आहे का? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. उलट, समजावून सांगायला वाट मिळाली म्हणून बरेचदा त्यांनाही हायसे वाटते.

पुंडलिकनगरातल्या त्या सुनेच्या डॉक्टरांशी मी फोनवर बोलले. तिची दोन्ही कारणे पाहून त्यांनीच सुई थांबवायचे ठरवले. तिचे बी-१२ तपासले, ते फारच कमी होते. त्याची इंजेक्शने झाली, पूर्ण कोर्स एका दिवसाच्या सुईच्या पैशांत. आता सहावा महिना लागला आहे, बाळ तारखेप्रमाणे वाढते आहे. पोत अजून सासूबाईंच्या गळ्यात आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या त्या बाईची पहिली तपासणी पॉझिटिव्ह आली होती. दुसरी बारा आठवड्यांनी, म्हणजे टोळी निघायच्या तोंडावर येत होती. ती येईल असे मला वाटले नव्हते. पण तिच्या गावच्या आशाताईंनी कॅलेंडरवर खूण केली होती आणि त्या स्वतः तिला एसटीने घेऊन आल्या. दुसरीही पॉझिटिव्ह आली. तीन बाळे गेल्यानंतर प्रथमच तिला कारण कळले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या पायगुणानं नाही ना मॅडम?"

नाही. तिला आजाराचे नाव, दोन्ही औषधांची नावे आणि 'दिवस राहिल्याचे कळताच हा कागद दाखवा' एवढे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून प्लास्टिकच्या पिशवीत दिले आहे. ती आता घरापासून दूर कुठल्यातरी फडात असेल. तिला दिवस राहिले आणि तिथल्या आरोग्य केंद्रात तिने तो कागद पुढे केला, तर पलीकडच्या टेबलावर ते औषध असायला हवे.